मधली धार

एका गालावर साबण तसाच, दुसरा गाल साफ झालेला, हातात वस्तरा, अशा अवतारात अच्युत ओट्यावर आला तेव्हा दारातल्या परिक्रमावाल्या बुवांनी "नर्मदे हर" म्हटलं. जबलपूरच्या गोरखपुरातल्या त्या गल्लीत असे बुवा अधूनमधून यायचेच. त्याची बायको भानुमती नर्मदामैयाची परिक्रमा करायला पायी निघाली त्याला तीन वर्षं होत आली होती. वाटेत तिला भेटून पुढं निघून आलेली माणसं जबलपुराला पोचली की तिचा निरोप घेऊन दारात उभी राहायची. निरोप तरी कसले! लोणच्याच्या बरणीला ऊन दाखवा. डोळ्यांत रात्रीचं औषध घालायला विसरू नका. मागच्या खोलीचं कौल सरकलंय, पाऊस आत येईल. अच्युत प्रत्येक वेळी "हो हो" म्हणायचा, तिकडं बुवा वळले की इकडं कौल सरळ करायला चढायचा. आजही त्यानं तांब्याभर पाणी आणून दिलं, बुवांचं पिऊन होईस्तोवर कळ काढली आणि मग विचारलं. बुवा म्हणाले, "बरमान के पास मिली थीं माताजी. पाँव सूज गए हैं, धीरे चल रही हैं." "और कुछ? कोई संदेसा?" बुवांनी मिशीवरचं पाणी पुसलं. "नहीं भैया, संदेसा तो कुछ नहीं दिया. घर तो मुझे बाजार में किसी ने बताया." बुवा गेले. अच्युत आत येऊन आरशासमोर उभा राहिला आणि गालावरचा साबण वाळून ताणायला लागला तरी त्याला वस्तरा उचलवेना.

काहीच निरोप नाही! समुद्रापर्यंत गेली तेव्हा निरोप होता, दुसऱ्या काठाला लागली तेव्हा होता. आता बरमान म्हणजे घराच्या अंगणातच आल्यासारखं, आणि आता सांगायला काही नाही? सरळ चाललेल्या माणसाला रस्त्यात उगीच कुणीतरी खांद्यानं ढकलून जावं, तसं त्याला झालं. त्यानं अर्धीच दाढी धुऊन टाकली. शेजारचे भय्यासाहेब पेपर मागायला आले, त्यांनी ती अर्धी दाढी पाहिली आणि काही न बोलता पेपर घेऊन गेले. कुणाच्या घरातलं काही विचारायचं नाही ही त्यांची रीतच होती, आणि एरवी अच्युतला ती आवडायची. आज वाटलं, कुणीतरी विचारावं, काहून असे बसले म्हणून. तो कारखान्यात गेलाच नाही. माजघरात बसून राहिला. तिथं तिचं जातं होतं. तीन वर्षांत त्यात दाणा पडला नव्हता, तरी जवळ गेलं की ज्वारीच्या पिठाचा वास यायचा. की त्याला उगीच वाटायचं तसं? परिक्रमा करून आलेली माणसं पुष्कळदा घरात रमत नाहीत, हे त्यानं ऐकलं होतं. कुणी नर्मदेच्या ग्वारीघाटावरच झोपडी बांधतं. कुणी पुन्हा चालायला लागतं. भानूचंही तसं झालं तर? हा प्रश्न तो तीन वर्षं टाळत होता. आज तो समोर पाटावर येऊन बसला होता आणि उठायचं नाव घेत नव्हता.

आणि ती गेली होती ती त्याच्याच डोळ्यांपायी. कारखान्यात साच्यात शिसं ओतताना कुठं ओल राहिली होती देव जाणे. शिसं फुत्कारून उडालं आणि अच्युतच्या डोळ्यांसमोर पांढरा जाळ झाला. मग पट्टी. तिच्यामागं अंधारसुद्धा काळा नसतो, तपकिरी असतो, हे त्याला तेव्हा कळलं. त्या दिवसांत भानू त्याच्याजवळ बसून त्याला सगळं सांगायची. "आता चिमणी आली. आता दूधवाला येऊन राहिला, आज त्याची गाय नाही, म्हैस आहे. भय्यासाहेबांनी नवं धोतर नेसलंय, पण चालून राहिले जुन्यासारखेच." तो हसायचा आणि हसलं की पट्टीखाली चरचरायचं. पट्टी निघाली. सरकारी दवाखान्यातला डॉक्टर मोठा हुशार, त्याचं कौतुक अच्युतनं गल्लीभर केलं. तेव्हा एका सकाळी फोडणी देता देता ती म्हणाली, "मी मैयाला बोलले होते. यांना दिसू दे, तुझी परिक्रमा करीन." तो म्हणाला, "डॉक्टरनं बरं केलं मला." ती म्हणाली, "डॉक्टरचे उपकार तुम्ही माना. मैयाचे मी मानते." एवढ्यावर भांडण झालं. भांडण तरी कसलं, तो एकटाच भांडला. नदी उजव्या हाताला ठेवून, उगमाला वळसा घालून समुद्रापर्यंत पायी जायचं, दुसऱ्या काठानं परत यायचं, एकदाही पात्र ओलांडायचं नाही, नावेनं मैयात शिरायचंसुद्धा नाही; नाहीतर सगळं चाललेलं फुकट. मला दिसायला लागलं आणि आता तूच दिसणार नाहीस, असं त्याला म्हणायचं होतं. म्हणाला मात्र, "हा शुद्ध वेडेपणा आहे." ती निघाली त्या दिवशी तो ग्वारीघाटला पोचवायलासुद्धा गेला नाही. नेहमीसारखा कारखान्यात गेला. संध्याकाळी घरी आला, चहा ठेवला आणि दोन कपांचं पाणी टाकलं.

मग त्यानं नाव बांधायला घेतली. का, ते त्याचं त्यालाही धड सांगता आलं नसतं. मोकळे हात खायला उठतात, एवढं खरं. विलायतेला परत निघालेल्या एका साहेबाच्या अडगळीत नावेच्या पाठीला लावायचं लहानसं इंजन गंजून पडलं होतं, ते तो घेऊन आला. अंगणात सागवानी फळ्या रचल्या, सांध्यांत डांबर आणि कापूस ठोकला. पाण्याच्या पिंपात इंजन बुडवून दोरी ओढली की अशी काही फटफट व्हायची की गल्लीतली पोरं टाळ्या पिटायची आणि म्हाताऱ्या शिव्या द्यायच्या. "अच्युतराव, नर्मदा आणणार काय गोरखपुरात?" असं भय्यासाहेब विचारायचे. नाव पुरी होऊन वर्ष झालं तरी ती अंगणातच पालथी पडून होती. निरोप न आल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यानं रजा टाकली, बैलगाडी बोलावली, नाव तिच्यावर आडवी बांधली, पेट्रोलचे डबे रचले आणि भेडाघाटचा रस्ता धरला. धुवांधार धबधब्याच्या खाली, संगमरवरी कडे संपून पात्र मोकळं होतं तिथं नाव पाण्यात उतरली. जरा डुलली, मग सरळ झाली. अच्युतला एवढा आनंद झाला की आपण कशाला निघालोय ते तो क्षणभर विसरून गेला.

सगळा जन्म नदीपासून हाकेच्या अंतरावर गेला आणि नदी आपण आतून कधी पाहिलीच नाही, हे त्याला त्या प्रवासात कळत गेलं. घाटावरून दिसते ती नदीची नुसती बाजू. आत बसलं की ती पुढूनही येते आणि मागूनही. कार्तिकातलं पाणी, हिरवं आणि नितळ. खालचे गोटे दिसायचे आणि त्यांच्यावरून नावेची सावली सरकत जायची. कुठं पात्र इतकं उथळ की इंजन वर उचलून, धोतर खोचून नाव ढकलावी लागायची. कुठं डोह असा की इंजनाचा आवाजसुद्धा खाली जाऊन बसल्यासारखा बदलायचा. हरभऱ्याच्या ओल्या शेतांचा वास, पेट्रोलचा वास, आणि मधूनच कुण्या घाटावरच्या चुलीचा धूर. बायका धुणं थांबवून बघायच्या. "काय हो भैया, ये नाव खाँसती काहे है?" असं एकीनं ओरडून विचारलं, तर तोही ओरडला, "बूढ़ी है!" आणि मग कितीतरी वेळ त्याला आपलंच हसू येत राहिलं. संध्याकाळी कुठल्याशा घाटाला नाव बांधायची, भाकरी थापायची, अंग टाकायचं. आणि दिवसभर मनात एकच चालायचं: दिसली तर काय म्हणायचं? "कशी आहेस" म्हणावं, तर पाय सुजलेल्या बाईला काय विचारणं ते! "घरी चल" म्हणावं, तर ती घराकडंच येतेय. "घरी राहशील ना?" हेच विचारायचं होतं, आणि तेवढंच तोंडातून निघणार नव्हतं.

ती दिसली तेव्हा त्यानं तिला ओळखलंच नाही. उजव्या किनाऱ्यावरून पांढऱ्या लुगड्यातली एक वाळलेली बाई काठी टेकत येत होती, उन्हानं चेहरा तांब्यासारखा झालेला, खांद्याला झोळी. नाव तिच्या पुढं निघूनही गेली. मागून आवाज आला, "अहो! हे काय करून ठेवलं?" तीन वर्षांनी ऐकलेलं तिचं पहिलं वाक्य ते. अच्युतनं हात घाईघाईनं असा मारला की इंजन बंदच पडलं, आणि एकदम झालेल्या त्या शांततेत तो म्हणाला, "कौल बसवलं मी." ती हसली. पुढचा एक दात पडला होता. तिच्या त्या पडलेल्या दाताची माया त्याला अशी भरभरून आली की त्यानं उगीच वल्हं उचललं आणि परत ठेवलं. ती काठावरच बसली. त्यानं नाव वाळूला लावली तशी ती दोन पावलं मागं सरकली. "मी नाही येणार नावेत," ती म्हणाली. "माहीत आहे," तो म्हणाला. "मी कुठं ये म्हणून राहिलो?"

मग दोघं निघाली. ती काठानं पायी आणि तो काठाला धरून पाण्यातून. इंजन अगदी कमीत कमी चालवलं तरी ते तिच्या पुढं जायचं. मग बंद करून तिची वाट पाहायची. प्रवाहाच्या उलट जाणं, त्यामुळे थांबलं की नाव मागं यायची आणि दोघांची गाठ पडायची. "तुमची फटफटी मलाच घाबरून मागं येऊन राहिली," ती म्हणायची. बोलणं ओरडून. ओरडून बोलताना माणूस मनातलं बोलत नाही, हे एक बरं होतं. तिनं सांगितलं, समुद्राचं पाणी कसं दिसतं. शूलपाणीच्या जंगलात भिल्लांनी झोळी कशी घेतली आणि त्यातल्याच एका म्हातारीनं मागून धावत येऊन लुगडं कसं परत दिलं. त्यानं कारखान्यातलं सांगितलं, गल्लीतलं सांगितलं. घराचं मात्र ती काहीच विचारीना. जातं कसं आहे, तुळस आहे का, काही म्हणजे काही नाही. तिचे पाय पाहून त्याचा जीव तुटायचा. घोट्यांवर दाबलं तर खळगा पडावा अशी सूज, टाचांना भेगा. संध्याकाळी ती धर्मशाळेच्या ओसरीवर पाय वर करून बसायची आणि तो जरा अंतर ठेवून खाली. शेवटी एकदा त्यानं तेल कोमट केलं आणि विचारलं, "चालतं का परिक्रमेत?" ती म्हणाली, "तेलाला काय होते?" तो तिच्या पायांना तेल चोळत राहिला. ती नदीकडं पाहत होती. हे पाय कुठंकुठं जाऊन आले, आणि आपल्याला त्यातलं एक गाव माहीत नाही, असं वाटून त्याला रडू आलं. त्यानं मान खाली घातली, आणि तिनं पाहिलं नाहीसं दाखवलं.

हिरन नदी आडवी आली तिथं गाडं अडलं. हिरन उत्तरेकडून येऊन मैयाला मिळते. उपनदी नावेतून ओलांडली तर चालतं, फक्त मैया ओलांडायची नाही. म्हणून परिक्रमावाले संगमापासून चांगले वर जाऊन डोंग्यानं पार होतात. पण वरच्या अंगाला अवेळी पाऊस झाला होता, हिरन गढूळ होऊन फुगली होती, आणि डोंगेवाला कुठल्याशा लग्नाला गेला होता. "दोन दिवस बसते," भानू म्हणाली. अच्युत पाण्याकडं पाहत होता. वर जिथं डोंगा लागतो तिथं पात्र अरुंद आणि धार जोरकस. खाली तोंडाशी पात्र पसरट, संथ. इंजनाच्या माणसाला संथ पाणी दिसलं की दुसरं काही दिसत नाही. तो म्हणाला, "मी नेतो की पलीकडं. इथूनच. निमिषात." ती म्हणाली, "इथून? मैयाच्या इतक्या जवळून?" "मी आहे ना," तो म्हणाला. लग्नानंतर पहिल्यांदा नागपूरहून जबलपुराला आणताना, इटारसीच्या फलाटावर त्या अफाट गर्दीत, त्यानं तिला हेच म्हटलं होतं. तिनं त्याच्याकडं पाहिलं, झोळी पोटाशी धरली आणि नावेत येऊन बसली. त्याच्यासमोर, त्याच्याकडं तोंड करून.

अर्ध्यात पोचेपर्यंत सगळं ठीक होतं. मग पाण्याखालच्या वाहून आलेल्या फांदीत पंखा अडकला, इंजन दोनदा खोकलं आणि गप्प झालं. त्यानं दोरी ओढली. पुन्हा ओढली. आता खाली पाहिलं तेव्हा त्याला कळलं की संथ दिसणारं ते पाणी मुळीच संथ नव्हतं. सबंध हिरन रुंद होऊन, आवाज न करता, मैयाच्या दिशेनं सरकत होती आणि तिच्यावर ही नाव. गढूळ पाणी संपून हिरवं सुरू होत होतं ती रेघ त्याला स्वच्छ दिसली. रेघेपलीकडं मैयाची धार मधोमध खेचून घेणारी, आणि तिच्यापुढं समोरचा काठ. एकदा धारेला लागलो की ती थेट पलीकडं नेऊन टाकील! तीन वर्षं. समुद्र. ते जंगल. ते पाय. वल्हं टेकवलं तर ते तळाला लागलं आणि वाळूत रुतून हातातून सुटलं. "अहो," भानू म्हणाली; एवढंच. अच्युतनं पाठच्या कडीतली दोरी मनगटाला गुंडाळली आणि उडी टाकली. पाणी छातीपर्यंत, पायांखालची वाळू पळणारी. दोरीला असा हिसका बसला की खांदा निखळतो की काय वाटलं. नाव गर्रकन फिरली, पुढचं टोक मैयाकडं, मागची बाजू त्याच्याकडं. तो ओढत राहिला. त्याच्या तोंडून "मैया, मैया, थांब गं" असं निघत होतं, आणि ते आपण म्हणतोय हे त्याला बऱ्याच वेळानं ऐकू आलं. हळूहळू पाय टेकायला लागले. पाणी कमरेला आलं, गुडघ्याला आलं. पलीकडचा चिखल लागला तसा तो दोरी घट्ट धरून तिथंच बसला.

भानू उतरली. झोळी खाली ठेवली. "खरं सांगा," ती म्हणाली, "कोणत्या पाण्यात होतो आपण? मी पाण्याकडं पाहिलंच नाही. तुमच्याकडं पाहत होते." एक शब्द म्हणून टाकला की सगळं मिटत होतं: हिरनच्या. पण ती त्याच्याकडं अशी पाहत होती की त्याला खोटं बोलवेना. आणि खरं सांगावं, तर ती उद्या पुन्हा पहिल्यापासून चालायला लागली तर? या पायांनी? त्यानं डोळे पुसले. पाणी कसलं होतं कुणास ठाऊक. "नावेचं टोक गेलं होतं मैयात," तो म्हणाला. "हातभर. मी पाहिलं. पण तू मागं होतीस. तू बसली होतीस तिथं सगळं गढूळ पाणी होतं. रेघ मला दिसत होती." वाऱ्यावर कुठून तरी गुरांच्या घंटा आल्या आणि गेल्या. मग तिनं पदराचं टोक घेतलं आणि त्याच्या कपाळावरचा चिखल निपटला. "ज्या डोळ्यांसाठी चालले त्यांनी पाहिलं ना," ती म्हणाली, "मंग झालं. मैयाला मी तेच सांगीन."

अच्युतनं तिचा हात धरला आणि सोडला नाही. आता विचारायचं नाही तर कधी? "निरोप काहून नाही धाडला?" त्यानं विचारलं. ती खाली बसली. "भीती वाटून राहिली होती. घर जवळ आलं तशी जास्तच. वाटे, घरी जाऊन पाहुण्यासारखं वाटलं तर? तुम्ही पोचवायला पण आले नव्हते. राग गेला की नाही, कोणाच्या हाती विचारू? लोणच्याचं विचारता येते, हे नाही येत." "राग!" तो म्हणाला आणि दुसऱ्या हातानं धोतरावरचा चिखल झाडायला लागला. "दोन कप चहा होतो अजून माझ्याकडून," तो शेवटी म्हणाला. तिनं मान वळवली, पण हात तसाच राहू दिला.

ऊन चढलं. तिनं झोळी खांद्याला लावली. अजून भेडाघाट, मग ग्वारीघाट, तिथं परिक्रमा पुरी. नाव धुवांधारच्या वर जाणार नव्हती, हे दोघांना माहीत होतं. "तुम्ही भेडाघाटाखालीच थांबा," ती म्हणाली. "मी ग्वारीघाटला पोचते, घरी जाऊन तुळशीला पाणी घालते आणि तुमच्याकडं भेडाघाटला येते. मंग आपल्याला ओंकारेश्वराला जायचं आहे, तिथं मैयाचं पाणी वाहायचं असते. नावेतून जाऊ. तेव्हा मला चालते." अच्युत इंजनाच्या पंख्यातली फांदी सोडवत होता, त्याचा हात थांबला. "काठाकाठानं नेतो," तो म्हणाला. "अगदी सावकाश."

"काठानं कशाला? तीन वर्षं कडेकडेनंच चालले. मधल्या धारेनं न्या. मधोमध बसून दोन्ही काठ पाहायचे आहेत मला."

"दोघांनी?" अच्युतनं विचारलं.

भानुमती काठी टेकून उठली. "नाही तर काय," ती म्हणाली, "फटफटी मी चालवू?"